दोन फुटी खाऱ्या टाकीत पहिलं कोरल कोणतं घ्यावं?

शिंपला:
नमस्कार मंडळी,
घरी दोन बाय एक बाय एक फुटाची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. दगड-वाळू जाऊन पाणी जेमतेम 50 लिटर. क्लाउनफिशची जोडी, हर्मिट खेकडे, थोड्या गोगलगायी. गणपतीत सुरू केली. अमोनिया, नायट्राइट आता शून्य येतं, नायट्रेट 10 च्या आसपास. तपकिरी शेवाळ येऊन गेलं. आता कोरल (प्रवाळ) घ्यायचंय. दुकानदार म्हणतो, "मॅडम, टॉर्च कोरल घेऊन जा, क्लाउन त्यातच जाऊन बसतील." यूट्यूबवर जो तो वेगळंच सांगतो. लाइट निळा-पांढरा एलईडी, चिलर नाही, पंखा लावलाय. पाणी घरच्या आरओचं. डोंबिवलीत राहतो. खर्च बेताचा हवा, मिठाच्या बादलीची किंमत नवऱ्याला आधीच कळली आहे :)

निळा_मासा:
जीएसपी (ग्रीन स्टार पॉलिप, पसरत जाणारं हिरवं मऊ कोरल) घ्या, डोळे झाकून. मरतच नाही. माझी आख्खी टाकी हिरवीगार झालीय.

खारटकाकू:
अरे निळ्या माशा, ही शिफारस आहे की तक्रार?

अगं शिंपला, टॉर्च नको. ते कडक कोरल, सांगाडा बांधणारं. आपल्याकडे अशी सगळी दगडी प्रवाळं 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहेत, म्हणजे कागदोपत्री वाघाच्या पंगतीत. टॉर्च, हॅमर, ब्रेन, अ‍ॅक्रोपोरा सगळं त्यात आलं. काळं प्रवाळ, समुद्रपंखे आणि लाल ऑर्गन पाइपसुद्धा. दुकानात काचेमागे ठेवलंय म्हणजे चालतं असं नाही. आणि कायदा घटकाभर बाजूला ठेवला तरी टॉर्चला सांगाड्यासाठी कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्यातले कार्बोनेट क्षार) सतत पुरवावी लागते, शिवाय शेजाऱ्याला डंख मारायला ते लांबलचक दोरे बाहेर सोडतं. फूटभर रुंदीत शेजाऱ्याने पळायचं कुठे?

मऊ कोरलांना तसा सांगाडा नसतो. आठवड्याला पाच-सहा लिटर पाणी बदललंस की त्यांचं भागतं, डोसिंगच्या बाटल्या घ्याव्या लागत नाहीत.

पण आधी पाणी बघ. घरच्या आरओत बहुतेक वेळा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) वाढवायचा नॉब किंवा मिनरलची कांडी असते. पिण्याच्या पाण्याला चव येते, टाकीत मात्र शेवाळ माजतं. टीडीएस मीटर बुडवून बघ. शून्य येत नसेल तर आरओच्या पुढे डीआय रेझिन (उरलेसुरले क्षार शोषणारे दाणे) जोडून घे. दुसरं म्हणजे पंख्याने पाणी उडतं, मीठ उडत नाही. 50 लिटरातलं तीन लिटर उडालं की 35 ची क्षारता 37 च्या वर जाते, आणि लहान टाकीत हे बघता बघता होतं. म्हणून काचेवर मार्करने रेघ मारायची आणि रोज त्या रेघेपर्यंत शुद्ध गोडं पाणी घालायचं, खारं नाही. आमच्याकडे हे खातं सासूबाईंकडे आहे. तुळशीला पाणी घातलं की तांब्या घेऊन इकडे. (तांब्या वेगळा, तुळशीचा नाही, यावर वाद होऊन गेलाय.)

आता कोरल. पहिलं मश्रूम घे, साधं डिस्कोसोमा, लाल किंवा निळं. त्याला उजेड कमी लागतो, प्रवाह मंद लागतो आणि तुझं 10 नायट्रेट त्याला मानवेल. फक्त चिकटवायला जाऊ नकोस, अंगावर बुळबुळ असते, जेल ग्लू धरतच नाही. छोट्या प्लास्टिकच्या वाटीत बारीक खडे घाल, त्यावर मश्रूम ठेव, वरून मच्छरदाणीचा तुकडा रबरबँडने बांध आणि वाटी तळाशी आडोशाला ठेवून दे. काही दिवसांत ते एखाद्या खड्याला धरून बसतं. मग तो खडा बिनधास्त चिकटवायचा.

ते रुळलं की टोडस्टूल लेदर. हे मधूनच मिटतं, आठवडाभर मान टाकतं, अंगावर मेणचट पापुद्रा येतो. लोक घाबरून काढून फेकतात. अगं, ते कात टाकत असतं! तेवढ्यापुरता प्रवाह थोडा वाढव. ते पाण्यात शेजाऱ्यांना त्रासदायक रसायनं सोडतं, तेव्हा फिल्टरमध्ये कार्बनची पिशवी हवीच. झोआ (बटणांसारख्या तोंडांचे झुबके असणारं झोअँथिड) त्यानंतर.

जीएसपी आणि झेनिया (तेही भराभर पसरणारं मऊ कोरल) घेतलंस तर वाळूत एकट्या ठेवलेल्या दगडावरच. मुख्य दगडावर एकदा चढलं की उतरत नाही.

शिंपला:
काकू, टॉर्च कॅन्सल! मीटर मागवला. अजून एक विचारू? मिस्टरांचं ऑफिस वरळीला. ओहोटीला हाजी अलीच्या खडकांवर झोआ दिसतात म्हणे. एखादा लहानसा दगड उचलून आणला तर?

खारटकाकू:
दिसतात, खरंय, झोआंथस आणि पॅलिथोआ हे दोन्ही प्रकार. पण उचलू नका गं. त्याच खडकांवर दगडी प्रवाळही असतं, राखाडी-तपकिरी पापुद्र्यासारखं, नवख्याला ते निव्वळ दगडच वाटतं. 2020 मध्ये कोस्टल रोडसाठी तिथल्या आणि वरळीच्या प्रवाळांच्या 18 वसाहती दुसरीकडे हलवल्या, तेव्हा महापालिकेलाही वनखात्याची परवानगी काढावी लागली होती. आपण कोण? शिवाय मुंबईच्या सांडपाण्यात वाढलेला दगड 50 लिटरात सोडलास तर सोबत काय काय येईल सांगता येत नाही. बघायला जरूर जा. हिवाळ्यात चांगली ओहोटी गाठायची, जुने बूट घालायचे, आणि त्यांच्यावर पाय द्यायचा नाही.

ओहोटी:
काकूंनी झोआ शेवटी ठेवलाय ते बरं केलं. पॅलिथोआत पॅलिटॉक्सिन असू शकतं, आणि ते भयंकर विषारी आहे. कापताना, चिकटवताना ग्लोव्ज आणि चष्मा घाला. हाताला जखम असेल तर त्या दिवशी टाकीत हातच घालू नका. आणि दगड 'स्वच्छ' करायला कधीही उकळू नका, वाफेतून विष भिनून घरातली माणसं हॉस्पिटलमध्ये गेल्याची उदाहरणं आहेत. घरात लहान मूल असेल तर झोआ नाही घेतलं तरी काही बिघडत नाही, मश्रूममध्येही रंग भरपूर मिळतात.