सत्तरीनंतर अपेंडिक्स होतं? ते तर वयाबरोबर सुकतं ना?

कराडची_लेक:
बाबा ७२ वर्षांचे, बीपी आणि शुगर दोन्ही. मंगळवारी संध्याकाळी पोट जड वाटतंय म्हणाले, जेवले नाहीत, आईने ओवा आणि गरम पाणी दिलं. बुधवारी एकदाच उलटी झाली, पोट साफ होत नाही म्हणून इसबगोल घेतलं. जवळच्या डॉक्टरांनी गॅसची गोळी दिली, ताप नव्हताच त्यामुळे आम्हीही गप्प बसलो. गुरुवारी रात्री पलंगावरून उठायला गेले ते उजवी बाजू हाताने दाबून धरून तिथेच वाकले, तोंडातून शब्द फुटेना. सोनोग्राफीत नीट दिसेना म्हणून सीटी केला तर अपेंडिक्स फुटलेलं आणि आजूबाजूला पू. रात्रीच ऑपरेशन झालं. आज पाचवा दिवस, पोटातला पू बाहेर काढायला लावलेली नळी अजून आहे पण काल पेज प्यायले.
मी तर ऐकलं होतं की म्हातारपणी अपेंडिक्स सुकून जातं. मग हे झालं कसं? आणि ताप का आला नाही?

सर्जन_विदर्भ:
बाबा पेज प्यायले हे वाचून बरं वाटलं. त्यांचे कागद मी पाहिलेले नाहीत, म्हणून जे सर्वसाधारण आहे तेवढंच सांगतो.
ऐकलंत ते अर्धं खरं आहे. अपेंडिक्स म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लटकणारी साधारण ८-१० सेंटीमीटरची नळी, करंगळीपेक्षा बारीक. तिच्या आतल्या अस्तरात लिम्फॉइड (म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या) पेशींचे पुंजके असतात, ते किशोरवयात आणि विशीत भरपूर असतात आणि नंतर कमी होत जातात. म्हणून हा आजार साधारण १० ते ३० वयात जास्त दिसतो, कारण ते पुंजके सुजले की बारीक नळीचं तोंड बंद. पुढे वयाबरोबर आतली पोकळी अरुंद होते, काहींची टोकाकडून पूर्ण बुजते आणि बुजलेला भाग सुजत नाही. पण सगळ्यांची सगळी बुजत नाही, आणि जी पोकळी उरते ती वाळलेल्या मळाच्या खड्याने अडू शकते, क्वचित गाठीनेही.
फुटतं लवकर त्याचं कारण वेगळं. या नळीला रक्त देणारी मुख्य रक्तवाहिनी एकच, दुसरी वाट जवळपास नाही. वयानुसार ती कडक आणि अरुंद झालेली असते, भिंतही पातळ आणि ताठर. वर सूज आली की रक्तपुरवठा तुटतो, भिंत सडते.
तापाचं म्हणाल तर या वयात शरीराची प्रतिक्रियाच मंद असते, पांढऱ्या पेशीसुद्धा कधी नॉर्मल येतात. शुगर जुनी असेल तर दुखणंही कमी जाणवतं. बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली सरकणारी टिपिकल कळ अनेकांना येतच नाही, नुसतं पोट फुगलेलं आणि खायची इच्छा नाही, एवढंच.

शेवंता_ताई:
मी वॉर्डमध्ये सिस्टर होते, आता रिटायर. असे आजोबा-आजी पाहिलेत गं. दोन दिवस अंगावर काढून येतात आणि विचारलं की म्हणतात "काही नाही, गॅस झाला." सत्तरीच्या पुढच्या माणसाने जेवण टाकलं आणि पोट धरलं तर त्याच दिवशी दाखवायचं. खोकायला सांगायचं, खोकल्यावर उजवीकडे खाली चमक मारली तर थांबायचं नाही.

नगरचा_पोरगा:
माझी आई ६८. तिला फुटलं नव्हतं, अपेंडिक्सभोवती सुजेचा गोळा झाला होता, म्हणून आधी ॲंटीबायोटिकवर ठेवलं आणि बरं वाटलं की घरी पाठवलं. सर्जननी बजावलं होतं की सहा आठवड्यांनी कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) करायचीच, कारण या वयात त्या जागी कधी गाठ लपलेली असते. आम्ही कंटाळा करत होतो, बहीण मागे लागली म्हणून केली. सीकममध्ये, म्हणजे अपेंडिक्स जिथे जोडलेलं असतं त्या मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, कॅन्सर निघाला. वेळेत काढला, आता दोन वर्षं झाली आणि आई स्वतःच्या हाताने भाजी निवडते. तुमच्या बाबांचं अपेंडिक्स बायोप्सीला पाठवलंय का ते विचारा, आणि रिपोर्ट हातात घ्या.

सर्जन_विदर्भ:
हो, हे अगदी बरोबर. चाळिशीनंतर ही तपासणी टाळू नये, आणि ऑपरेशन झालेलं असलं तरी बायोप्सीचा रिपोर्ट आला की सर्जनना विचारून ठरवा.

कराडची_लेक:
आत्ताच विचारलं. पाठवलंय, रिपोर्ट सोमवारी येईल म्हणाले. आज नळीतून फक्त पाण्यासारखं येतंय, पू नाही, आणि सकाळी वारा सरला म्हणून बाबा स्वतःच हसले.