वक्रांखालचा भाग एकमेकांवर येतो, त्याला काय म्हणावं?

बडोद्याहून प्रश्न: बारावीच्या मुलांसाठी मराठीत टिपणं लिहिते आहे, आकृत्या लाटेक या अक्षरजुळणीच्या संगणकप्रणालीत काढते. ० ते पाय/२ या टप्प्यात साइन आणि कोसाइन. दोन्ही वक्रांखाली रंग भरला की मधला भाग दोन्हींत येतो. त्याला ‘अतिव्याप्त भाग’ म्हणावं का?

– नको, ताई. न्यायदर्शनात, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रात, अतिव्याप्ती हा व्याख्येचा दोष आहे. व्याख्या नको तिथेही लागू पडते तेव्हा हा शब्द येतो. इथे काहीच चुकलेलं नाही. प्रत्येक वक्राखालचं क्षेत्रफळ १, दोन्हींतला भाग २ वजा वर्गमूळ २, म्हणजे सुमारे ०.५८६. याला ‘सामाईक भाग’ म्हणा. सामाईक बाजू, सामाईक स्पर्शिका मुलांच्या कानावर असतातच.

– ‘छेदभाग’ चालेल? संचांत छेद म्हणतोच की.

– संचांपुरतं ठीक. पण क्षेत्रफळाचं गणित सुरू झालं की शेजारीच अपूर्णांकाचा छेद येतो आणि मुलं अडखळतात.

– आमच्याकडे गुजरातीच्या वळणाने ‘सामान्य भाग’ म्हणतात. मराठीत त्याचा अर्थ ‘साधासुधा भाग’ असा लागेल. शब्द असे शेजारी ठेवूनच निवडावेत. १९३१ च्या सयाजी शासन शब्द कल्पतरू या बडोदा संस्थानाच्या कोशात कारभाराचे शब्द असेच अनेक भाषांत मांडले आहेत.

– आता रंग भरलेल्या भागाला वापरतात त्या ‘छायांकित’ शब्दाकडे वळू. लाटेकमध्ये आकृत्या काढायच्या टिक्झ या साधनात ‘फिल’ म्हणजे एकसारखा रंग, ‘शेड’ म्हणजे गडदाकडून फिक्याकडे जाणारी छटा, ‘पॅटर्न’ म्हणजे रेघा. पाठ्यपुस्तकातला ‘छायांकित भाग’ बहुधा फिल किंवा पॅटर्न असतो. म्हणून आज्ञा समजावताना रंग भरणे, छटा देणे, रेघा मारणे असे तीन वेगळे शब्द ठेवा. प्रश्नात ‘छायांकित’ खुशाल राहू द्या, तो रुळलेला आहे.

– दोन्ही रंगांची, समजा तांबडा आणि निळा, अपारदर्शकता ०.५ ठेवलीत तर सामाईक भागात वरच्या रंगाचा वाटा निम्मा, खालच्याचा पाव. क्रम उलटला की छटाही बदलते, म्हणून ‘जांभळा भाग’ असं लिहून मोकळं होऊ नका. पहिल्या क्षेत्राची ‘क्लिप’ लावून, म्हणजे त्याच्या बाहेरचं काही उमटणार नाही असं करून, दुसरं भरा. सामाईक भागाला हवा तो रंग मिळेल.

– मुलांच्या हाती काळ्यापांढऱ्या प्रतीच जातात.

– मग एका क्षेत्राला उजवीकडे चढणाऱ्या तिरक्या रेघा, दुसऱ्याला डावीकडे. सामाईक भागात आपोआप जाळी होते. प्रश्न असा घाला: ‘जाळी असलेल्या सामाईक भागाचे क्षेत्रफळ काढा.’