डीव्हीडी प्लेअर टीव्हीला कोणत्या केबलने जोडावा?

प्रश्न
माझ्या डीव्हीडी प्लेअरला पिवळ्या रंगाचा कंपोझिट, गोल एस-व्हिडिओ, हिरवा-निळा-लाल असा कंपोनंट आणि एचडीएमआय हे चारही पर्याय आहेत. टीव्हीचे दोन्ही एचडीएमआय पोर्ट मात्र इतर उपकरणांनी अडवलेले आहेत. सध्या पिवळी केबल वापरतो. परंतु बारीक रेघांचा शर्ट पडद्यावर आला की त्यावर मुळात नसलेले हिरवे-जांभळे रंग थरथरू लागतात आणि लाल अक्षरांच्या कडांवरून मुंग्या चालल्यासारखे दिसते. हा दोष प्लेअरचा आहे की केबलचा? एचडीएमआयसाठी एखादे उपकरण काढून ठेवावे इतका फरक पडेल का?

उत्तर १
दोष प्लेअरचाही नाही आणि केबलचाही नाही. तो कंपोझिट जोडणीचाच आहे. डीव्हीडीवर चित्राचा उजेड आणि रंग यांची माहिती वेगवेगळी साठवलेली असते. पिवळ्या केबलमधून पाठवण्यासाठी प्लेअर ती एकाच संकेतात मिसळतो आणि टीव्हीला ती पुन्हा वेगळी करावी लागते. हे काम पूर्णपणे कधीच साधत नाही, म्हणूनच बारीक रेघांमधला उजेडाचा चढउतार टीव्हीला रंग वाटतो. एस-व्हिडिओमध्ये उजेड आणि रंग स्वतंत्र तारांवरून जातात, त्यामुळे आपण सांगितलेली दोन्ही लक्षणे तेवढ्यानेही जातील. कंपोनंटमध्ये रंगाचे दोन घटकही वेगळे राहतात, शिवाय प्रोग्रेसिव्ह चित्र, म्हणजे एकाआड एक नव्हे तर सगळ्या ओळी एकदम दाखवणारे चित्र, पाठवता येते. दोन्ही सोयी असताना एस-व्हिडिओ निवडण्याचे कारण मला दिसत नाही.

उत्तर २
कंपोनंट जोडताना लाल प्लग दोन असतात, एक चित्राचा आणि एक आवाजाचा, हे ध्यानात ठेवावे. कंपोनंटमधून आवाज जात नाही. त्यासाठी पांढरी-लाल जोडी वेगळी लावावी लागते. प्लेअरच्या मेनूतील प्रोग्रेसिव्ह स्कॅन अनेकदा मुळात बंद असते, ते आपणच सुरू करावे. मात्र आपला टीव्ही ते स्वीकारतो याची आधी खात्री करावी, अन्यथा चित्र येणारच नाही आणि मेनूही न दिसल्याने ते बंद करणे अवघड होईल.

प्रश्नकर्ता
सुचवल्याप्रमाणे कंपोनंट जोडले. चित्र स्पष्ट आहे, पण पूर्ण कृष्णधवल दिसते.

उत्तर २
बहुधा आपल्या टीव्हीत हिरवा सॉकेटच पिवळ्याचेही काम करत असावा. हिरव्या तारेतून केवळ उजेडाची माहिती येते, त्यामुळे टीव्ही एव्ही (म्हणजे पिवळ्या केबलच्या) इनपुटवर असल्यास रंग दिसत नाहीत. इनपुटच्या यादीतून कंपोनंट निवडावे.

प्रश्नकर्ता
रंग आले आणि शर्टावरची थरथरही गेली. आभारी आहे.

उत्तर ३
एचडीएमआयचा प्रश्न राहिला. त्यात माहिती अथपासून इतिपर्यंत डिजिटल राहते आणि आवाजही त्याच केबलमधून जातो, म्हणून पोर्ट मोकळा असता तर मी निःसंशय तेच सुचवले असते. तथापि डीव्हीडीवरचे चित्र फार तर ७२० × ५७६ बिंदूंचे असते. प्लेअरवर १०८० (म्हणजे १०८० ओळींचे चित्र) असे लिहिलेले असले तरी तो तेच चित्र ताणून मोठे करतो, नवा तपशील आणत नाही. हे ताणण्याचे काम कंपोनंट जोडणीत टीव्ही करतो, आणि कित्येक टीव्ही ते प्लेअरपेक्षा चांगले करतात. कंपोझिटवरून कंपोनंटवर येताना जो फरक आपल्याला दिसला, त्या मानाने पुढचा फरक किरकोळ आहे. त्यासाठी दुसरे उपकरण काढू नये. पुढे कधी पोर्ट मोकळा झालाच, तर साधी एचडीएमआय केबल पुरेशी आहे. महागडी केबल घेतल्याने डीव्हीडीचे चित्र अधिक सुंदर होत नाही.