ट्रेमेचा वारसा पूल पाडल्याने परत येईल का?

ओसरी: अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराच्या ट्रेमे या कृष्णवर्णीयांच्या जुन्या वस्तीत एक उद्यान आणि एक चर्च यांखेरीज पाहण्यासारखे काही उरलेले नाही, क्लेबोर्न मार्गावरचा उड्डाणपूल पाडला की सारे पूर्ववत होईल, असे ‘भटक्या’ यांनी काल येथे ठामपणे लिहिले. ज्या काँगो चौकात 1817 च्या हुकुमानुसार गुलामांना केवळ रविवारी जमण्याची मुभा होती, तो चौक त्याच उद्यानात आहे, आणि जॅझवादक लुई आर्मस्ट्राँगच्या नावाचे ते उद्यान जेथे आहे तेथली घरे नगर प्रशासनानेच पाडली होती. 1966 मध्ये क्लेबोर्नच्या मधल्या रुंद पट्ट्यातील ओकची झाडे पुलासाठी तोडली गेली. शेजारच्या फ्रेंच क्वार्टर या जुन्या वस्तीच्या नदीकाठी योजलेला तसाच मार्ग मात्र 1969 मध्ये रद्द झाला, कारण तेथे वजनदार मंडळी उभी राहिली. तरीही मार्दी ग्रा या कार्निव्हलच्या सणाला कृष्णवर्णीय कुटुंबे आजही त्याच पुलाखाली जमतात. हे ‘काही नाही’?

भटक्या: माझ्याच बाजूचा पुरावा इतक्या कष्टाने गोळा केल्याबद्दल आभारी आहे. मग पूल पाडायला हरकत कोणती?

जुना भाडेकरू: हरकत भाड्याची आहे. पूल गेला की जमिनीचे भाव चढतील आणि उरलेले रहिवासीही जातील. घर पर्यटकांना द्यायचे म्हणून माझ्या मालकाने मला बाहेर काढले. पर्यटकांना घर देणाऱ्या मालकाने तेथेच राहावे अशी शहराची अट होती. तीही 2022 मध्ये संघीय अपील न्यायालयाने रद्द केली.

रेवा: माझी बहीण त्याच शहरात राहत्या घरातली एक खोली पर्यटकांना देऊन कर्ज फेडते. तिलाही आपण वस्ती उठवणाऱ्यांत बसवणार का?

जुना भाडेकरू: रेवाताई, आपल्या भगिनी तेथे राहतात, एवढे मान्य. माझ्या गल्लीतल्या मालकांना शेजाऱ्यांची नावेही ठाऊक नव्हती. बहिणीची ढाल पुढे करू नये.

रेवा: आणि आपण एका मालकाचा राग साऱ्यांवर काढू नये.

ओसरी: धागाच भाड्याने गेलेला दिसतो! तरी मुद्दा जवळचाच आहे. स्वतंत्र कृष्णवर्णीयांनी जेथे गुलामांसाठीही बाके विकत घेतली, त्या सेंट ऑगस्टीन चर्चचा पॅरिश (त्या चर्चचे स्वतंत्र भक्तमंडळ) 2006 मध्ये बंद करण्याचा निर्णय झाला, तेव्हा तो मागे घ्यायला लावणारी माणसे 2005 च्या कॅटरिना वादळानंतरही तेथे होती.

भटक्या: ‘काही नाही’ऐवजी ‘थोडे आहे’ असे वाचावे, आपले समाधान होत असेल तर तसे. पूल मात्र पाडलाच पाहिजे.

जुना भाडेकरू: आधी भाडे गोठवा, मग पाडा.