मदत हवी आहे: गॅस सुटला तर पळायचं की दारं लावून बसायचं? आज सातला मीटिंग आहे

पाटाकडचा
परवा रात्री आमच्या गल्लीमागं गॅस सुटला. अर्धी गल्ली अनवाणी मेन रोडला पळाली, अर्धी दारं लावून बसली. आई अंथरुणाला खिळून आहे. तिला उचलून अर्धा जिना उतरलो तर माझेच डोळे चुरचुरायला लागले, म्हणून परत वर नेली. बंब आला, पण शंभर-दीडशे मीटर लांबच थांबला. वीस-पंचवीस मिनिटं कोणी आत गेलं नाही. दोघं पोशाख चढवत होते आणि दोघं गटारीत वाळूची पोती टाकत होते! माणसं खोकतायत आणि हे गटार बुजवतायत. आज सातला गल्लीची मीटिंग आहे, बोर्डावर काय लिहायचं ते मी सांगायचंय. एका वाक्यात सांगा, पळायचं की थांबायचं?

थोरली वहिनी
आधी रेग्युलेटर बंद करा. लाइटचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका. दारं-खिडक्या सताड उघडा, बाहेर पडा आणि बाहेर जाऊन 1906 ला फोन लावा. आमच्याकडं दोनदा झालंय.

पाटाकडचा
वहिनी, सिलिंडर नाही ओ. मागच्या कारखान्यातनं सुटला.

कागल लाइन
कसला कारखाना, कसला गॅस? ते कळल्याशिवाय कोण काय सांगणार? माझे टँकर हायवेला पळतात. टँकरच्या मागं केशरी पाटी असते, त्यावर चार आकडी यूएन नंबर. 1203 म्हणजे पेट्रोल, 1075 एलपीजी, 1017 क्लोरीन, 1005 अमोनिया. वर हॅझकेम कोड. पेट्रोलवर 3YE असतं, त्यातला 3 म्हणजे फोम मारा आणि शेवटचा E म्हणजे माणसं हलवायचा विचार करा. ड्रायव्हरच्या केबिनमध्ये ट्रेम कार्ड असतं, त्यावर मालाचा धोका आणि काय करायचं ते लिहिलेलं असतं. पाटी लांबनं वाचून फोनवर सांगितली तर बंबवाल्यांचं निम्मं काम होतं. लोक मोबाइल काढतात ते व्हिडिओसाठी.

पाटाकडचा
टँकरही नाही. बर्फाचा कारखाना आहे. साडेचार वाजले, लवकर सांगा.

थंड रूम
मग अमोनियाच, बर्फ गोठवायला तोच वापरतात. हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं, भावा. दूध चिलिंगला एकोणीस वर्षं ऑपरेटर आहे. वेळ किती होती? वारा कुणीकडनं? पांढरं धुकं दिसलं का नुसता वास? तुम्ही कितव्या मजल्यावर?
आणि बंबवाल्यांनी वेळ घालवला हे मला तरी पटत नाही. आमच्यात माणूस कॅनिस्टर मास्क लावून दोन मिनिटांत किंग व्हॉल्व्ह, म्हणजे टाकीतनं अमोनिया सोडणारा मेन व्हॉल्व्ह, बंद करतो.

पाटाकडचा
रात्री दीड. वारा असा नव्हताच. रस्त्यावर गुडघाभर पांढरं दिसत होतं. आम्ही पहिल्या मजल्यावर.

निवृत्त फायरमन
थंड रूम, रागावू नका, पण हा सल्ला जिवावर बेतेल. कॅनिस्टर हवा गाळतो, ऑक्सिजन देत नाही. गॅस दाट असला तर तो बघता बघता संपतो. 300 पीपीएमलाच (हवेच्या दहा लाख भागांत 300) अमोनिया जिवाला धोका मानतात, आणि गळतीजवळ त्याच्या कितीतरी पट असतो. तिथं बीए सेटच लागतो, म्हणजे पाठीवर हवेची बाटली आणि तोंडावर मास्क.

पाटाकडचा, तुम्ही पाहिलंत तो वेळकाढूपणा नव्हता. बंब वारा पाठीशी घेऊन, चढाच्या बाजूला, लांबच लावायचा असतो. अमोनिया हवेत 15 ते 28 टक्के झाला की पेटू शकतो, त्या ढगात चालू इंजिन न्यायचं का? मग हद्दी आखतात. हॉट झोनमध्ये फक्त सूटवाले, वॉर्म झोनमध्ये बाहेर येणाऱ्याला धुवायचं, कोल्ड झोनमध्ये अँब्युलन्स आणि पोलीस. पहिला माणूस आत जायच्या आधी धुवायची जागा तयार पाहिजे, नाहीतर तो सूटवरचा अमोनिया घेऊन अँब्युलन्सवाल्यालाच जाऊन भिडेल. आत दोघं, त्यांच्यासाठी बाहेर तयार दोघं, म्हणजे चार सूट, चार सेट. मास्कची रबरी कड गालावर घट्ट बसली का ते प्रत्येकाचं तपासतात. दोन दिवसांच्या खुंटानंसुद्धा फट राहते. म्हणून आम्ही ड्युटीला गुळगुळीत दाढी करूनच जायचो. बाटलीवर 30 ते 45 मिनिटं लिहिलेली असतात, पण अंगावर सूट आणि धापा टाकणारा माणूस ती लवकर संपवतो. हवा संपत आल्याची शिट्टी वाजली की मागं फिरायचंच.

आणि गटार. फवारा मारला की अमोनिया पाण्यात विरघळतो. ते पाणी जातं कुठं? गटारीतनं ओढ्याला, ओढ्यातनं पंचगंगेला. मासे पालथे पडतात. ती पोती त्यासाठीच होती.

थंड रूम
सेटचं मान्य. पण पाण्याचं नीट सांगा. जमिनीवर द्रव अमोनिया साचला असेल तर त्यावर पाणी मारायचं नाही, जोरात उकळून आणखी वाफ सुटते.

निवृत्त फायरमन
बरोबर. फवारा ढगावर मारायचा, डबक्यावर नाही. हे मी लिहायला पाहिजे होतं.

सायन्स टीचर
पण अमोनिया हवेपेक्षा हलका आहे, वरच जाणार! मग खाली, जमिनीलगत थांबणंच योग्य.

थंड रूम
सर, पुस्तकात ठीक आहे. उणे 33 ला उकळणारं द्रव सुटलं की गार धुकं आधी जमिनीवरनंच सरकतं, मग हळूहळू वर जातं. त्यांनी गुडघाभर पाहिलंय की. पहाटेची पडलेली हवा असली तर ते हलतच नाही.

पंचगंगा घाट
अशा वेळी एनडीआरएफलाच बोलवा. 2019 च्या महापुरात आमच्या गल्लीत त्यांची बोट आली होती, काय माणसं!

कागल लाइन
बोटीचा काय संबंध? त्यांची बटालियन पुण्याला. ती येईपर्यंत बर्फाच्या कारखान्यातली गळती संपलेली असते. रसायनांचं ट्रेनिंग त्यांच्याकडं आहे हे खरं.

पंचगंगा घाट
2021 ला पण आले होते ते.

पाटाकडचा
पाच वाजून गेले. पळायचं की थांबायचं???

निवृत्त फायरमन
एका वाक्यात होत नाही, तीन घ्या. ढग दिसतोय किंवा डोळे झोंबतायत, तर आतच थांबा: दारं-खिडक्या बंद, पंखा-एसी-कूलर-एक्झॉस्ट बंद, दाराच्या फटीला ओली चादर, आतली खोली, नाकावर ओला टॉवेल. ढग अजून लांब असेल आणि चालता येत असेल, तर वाऱ्याला आडवं चालत बाजूला निघा, वाऱ्याबरोबर नाही. गॅस ओसरला असं बंबवाल्यांनी सांगितलं की मग खिडक्या उघडा आणि बाहेर या, कारण आत शिरलेला तसाच कोंडून राहतो.
तुम्ही आईला परत वर नेलंत ते बरोबर केलंत. भोपाळला 1984 साली पळत सुटलेल्यांच्या छातीत जास्त वायू गेला. वहिनींचं उत्तरही चूक नाही, पण ते एलपीजीचं. तिथं खिडक्या उघडायच्या, इथं लावायच्या.

थोरली वहिनी
हे मला आजच कळलं. आईंना खोकला आहे का हो?

पाटाकडचा
कालपासून थोडा आहे.

थोरली वहिनी
मग मीटिंग राहू दे, आधी डॉक्टरला दाखवा.

निवृत्त फायरमन
वहिनी म्हणतायत तेच. फुप्फुसात पाणी धरायला काही तास, कधी त्याहून जास्त लागतात. दम लागत असेल तर थेट 108. आणि कोणाचे डोळे अजून लाल असतील तर त्यांनाही घेऊन जा. खरं तर डोळे झोंबले की लगेच पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्यानं धुवायचे असतात.
आणखी एक. गल्लीत उचलून न्यावी लागणारी माणसं किती, कुठल्या मजल्यावर, ही यादी फायर स्टेशनला देऊन ठेवा. आत जाणाऱ्याला खोली शोधण्यात बाटली घालवावी लागत नाही.

थंड रूम
आणि कारखान्याच्या मॅनेजरला मीटिंगला बोलवा. दोनच प्रश्न विचारा. ऑइल ड्रेन, म्हणजे अमोनियाच्या यंत्रणेत साचलेलं तेल काढायचं काम, रात्री एकटा माणूस करतो का? बऱ्याच गळत्या तिथनंच होतात. आणि छपरावर वाऱ्याची पिशवी आहे का? नसली तर वारा कुणीकडनं आहे ते गल्लीला रात्री कसं कळणार?

पाटाकडचा
(रात्री 10.20) डॉक्टरांनी आईची छाती तपासली, ऑक्सिजन ठीक आहे, उद्या परत बोलवलंय. मीटिंगला उशिरा पोचलो. मॅनेजर आले होते. ऑइल ड्रेन यापुढं दिवसा आणि दोन माणसांनी करणार, पिशवी सोमवारपर्यंत लावतो म्हणाले. फायरमनकाकांची तीन वाक्यं मोठ्या अक्षरात बोर्डावर लावली, खाली 101 आणि 112. पोत्यांबद्दल मी जे बोललो होतो ते गल्लीसमोर मागं घेतलं. यादीत पहिलं नाव आईचं लिहिलं: पहिला मजला, जिन्याच्या उजवीकडची खोली. गल्लीत अशी अजून तीन माणसं निघाली, त्यातले एक आजोबा एकटेच राहतात हे मला माहीतच नव्हतं. त्यांच्या दाराची दुसरी चावी कोणाकडं ठेवायची ते अजून ठरायचंय.