मदत हवी आहे: पी0171 कोड, लीक इनटेकला की एक्झॉस्टला?

2013 ची 1.2 लिटर पेट्रोल हॅचबॅक, एमएएफ (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) सेन्सरवाली, सीएनजी किट नाही. चेक लाइट लागते, कोड पी0171, म्हणजे मिक्स्चर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी). पुसला तरी परत येतो.

गरम इंजिनला लाँग टर्म फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतो ते) आयडलवर, म्हणजे रेस न देता, +22 टक्के, 2500 आरपीएमला +6 टक्के. ई20 (20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) मुळे ट्रिम थोडी चढते हे मान्य, पण मग ती दोन्हीकडे चढायला हवी ना? आणि पेट्रोल कमी पोहोचत असतं तर 2500 लाही चढली असती, म्हणून फ्युएल पंप-फिल्टरवर संशय कमी. फ्युएल प्रेशर मात्र मोजलेलं नाही, गॅरेजवाल्याकडे गेज नाही.

एअर फिल्टर, प्लग नवे. एमएएफ साफ केला. इनटेक गॅस्केटभोवती कार्ब क्लीनर मारला, आयडल जराही हलला नाही. पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा) आणि ब्रेक बूस्टरचे पाइप दाबून बंद करून पाहिले, फरक शून्य.

खटकतंय ते वेगळंच. सकाळी थंड इंजिनला एक्झॉस्ट मॅनिफोल्डकडून बारीक टिकटिक येते, टेम्परेचरचा काटा मध्यावर आला की बंद. ट्रिम मात्र तशीच. मेकॅनिक सरळ ऑक्सिजन सेन्सर बदलू म्हणतो, पण झटकन रेस दिली की तो 0.8 व्होल्टच्या वर जातो, म्हणजे जिवंत आहे.

गाडी रोज सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीला जायला लागते, पुण्याला नेऊन ठेवणं जमणार नाही. मॅनिफोल्डचे गंजके बोल्ट उगाच खोलायचे नाहीत, एकदा तुटले की डोक्याला ताप. आवाज थांबल्यावरही तिथून हवा ओढली जाऊन सेन्सर खोटं लीन दाखवू शकतो का? न खोलता खात्री कशी करायची, आणि सोलापुरात स्मोक टेस्ट (धूर सोडून लीक शोधणं) कोण करतं?