वर्णद्वेषी सिनेमे, पुस्तकं: ठेवायची की काढायची?

पांझराकाठ (धुळे): परवा वाचनालयात यावरून चांगलीच जुंपली. विषय होता ‘गॉन विथ द विंड’, १९३९ चा अमेरिकन सिनेमा. गुलामगिरीचे दिवस गोडगुलाबी दाखवलेत म्हणून जून २०२० मध्ये एचबीओ मॅक्स या ऑनलाइन सिनेमे दाखवणाऱ्या कंपनीनं तो काढला आणि दोनेक आठवड्यांत परत आणला, आधी एका अभ्यासक बाईंचं प्रास्ताविक जोडून. माझं म्हणणं, ठेवा. त्यातल्याच कामासाठी हॅटी मॅकडॅनियलला १९४० मध्ये ऑस्कर मिळालं, कृष्णवर्णीय कलाकाराला पहिलंच. त्या रात्री तिला बाजूच्या वेगळ्या टेबलावर बसवलं होतं. सिनेमा काढला तर तिचं काम गेलं, आणि ते टेबलही.

अमळनेरची सून: प्रास्ताविक बघतं कोण हो? पुढे ढकलतात सगळे. माझा मुलगा चौथीत असताना गॅदरिंगला ‘आदिवासी नृत्य’ बसवलं. पोरांची तोंडं काजळानं काळी, कमरेला पाला, आणि झिंगालाला. हे आलं कुठून? जुन्या सिनेमांतूनच ना? वर्गात दोन पावरा आदिवासी मुली होत्या. त्या नाचात नव्हत्या.

सातपुड्याचा: मी भिल्ल आहे, म्हणून बोलतो. ताई, त्या मुलींचं वाचून पोटात कालवलं. तरी पुस्तक काढू नका. १८८० चं खानदेश गॅझेटियर, म्हणजे इंग्रज सरकारचं जिल्ह्याच्या माहितीचं पुस्तक, उघडा, साहेबानं आमच्याबद्दल काय लिहिलंय बघा. डोकं तापतं. पण उद्या कुणी म्हणालं की औट्रम या इंग्रज अधिकाऱ्यानं १८२५ मध्ये धरणगावला भिल्ल पलटण उभारली आणि आमचं भलं झालं, तर मी दाखवू काय? तो कागदच माझा साक्षीदार.

अमळनेरची सून: साक्षीदार कोर्टात ठेवा, दादा. चौथीच्या वर्गात कशाला?

केळीवाला, रावेर: एवढं काय त्यात, शब्द बदला! मार्क ट्वेनच्या ‘हकलबरी फिन’ कादंबरीच्या २०११ च्या एका आवृत्तीत कृष्णवर्णीयांना देतात ती शिवी काढून ‘स्लेव्ह’ (गुलाम) घातलं. मिटलं, भो.

पांझराकाठ: मिटलं कसं? दोनशेवर वेळा येतो तो शब्द. गोऱ्यांच्या तोंडात तो किती सहज बसलेला होता, हेच त्यात दिसतं. पुसला की वाटेल, माणसं बोलायला तरी सभ्य होती.

सातपुड्याचा: ताई, चौथीचं मान्य. पण त्या गॅदरिंगचं काय? तिथं कुणी पुस्तक उघडलं नव्हतं.

अमळनेरची सून: गेले होते मी बाईंकडे. म्हणाल्या, त्याच नाचाला दरवर्षी बक्षीस मिळतं.